शेरूला पोहता येतं, पण बोटीत परत कसा येणार?

प्रश्न: आम्ही ठाण्याला राहतो, सासुरवाडी रेवदंड्याची. मेव्हण्याची तिथे १८ फुटी फायबरची बोट आहे, २५ हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड इंजिनाची. थंडीत सुट्टी मिळाली की सकाळी खाडीत गळ टाकायला जातो. मागच्या खेपेला आमच्या शेरूला (लॅब्रॅडॉर, वय ३, वजन ३१ किलो) सोबत नेलं. अर्ध्या तासात तो ओकला आणि इंजिन मंद करताच त्याने सरळ पाण्यात उडी मारली. पोहतो झकास, पण त्याला वर घेताना आम्ही दोघंही एकाच बाजूला झुकलो आणि बोट उलटता उलटता राहिली. मेव्हणा म्हणतो, पुढच्या वेळी साखळीने बांधून ठेवू. बायको म्हणते, लाइफ जॅकेट घ्या. मला वाटतं, पोहणाऱ्या कुत्र्याला जॅकेट कशाला? नाताळात त्याला भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडव्याला न्यायचाही विचार आहे. शिवाय सासूबाईंचा पग आहे, त्यालाही बोटीत न्या म्हणून मुलं मागे लागली आहेत. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: वहिनींचं ऐका. आणि मेव्हण्यांची ती साखळी घरीच ठेवा.

साखळीचं आधी, कारण ती सगळ्यांत धोक्याची. बोटीला बांधलेला कुत्रा बोट उलटली तर तिच्याखाली अडकतो. बोट शाबूत असताना त्याने काठावरून उडी घेतली, तर पट्ट्याच्या लांबीइतकाच खाली जातो आणि मानेला फास बसून लोंबकळतो. तो सोडवायला तुम्ही दोघं त्याच बाजूला धावणार, म्हणजे पुन्हा बोट कलणार. पट्टा लागतो तो चढता-उतरताना आणि धक्क्यावर, तोही माणसाच्या हातात. बोट सुटली की काढून ठेवायचा. गळ्यातली आवळणारी साखळीही काढा. नाव-नंबरचा साधा, सपाट पट्टा असू द्या.

आता जॅकेट. शेरूला पोहता येतं हे खरं, पण पोहून तो जाणार कुठे? बोटीचा काठ पाण्यापासून दीड-दोन फूट वर, फायबर गुळगुळीत, पायाला आधार नाही. तो काठाशी नखं घासत राहणार, दमणार, आणि दमलेला कुत्रा मागचे पाय खाली सोडून उभा पोहायला लागतो. अशा वेळी पाणी नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. जॅकेट त्याला आडवा तरंगत ठेवतं, तुम्हाला वेळ मिळवून देतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पाठीवर हँडल असतं. भिजलेल्या ३१ किलोच्या लॅब्रॅडॉरला धरायला दुसरी जागाच नसते. कानाला, कातडीला किंवा गळपट्ट्याला धरून ओढणं म्हणजे इजा.

जॅकेट घेताना वजनापेक्षा छातीचा घेर महत्त्वाचा. पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप गुंडाळून मोजा. पोटाखाली किमान दोन रुंद पट्टे हवेत, छातीखालीही फोम हवा, आणि हँडलची शिलाई जॅकेटच्या अंगातून गेलेली हवी, नुसती वरच्या कापडावर नको. बाजारात काही जॅकेटं दिसायला केशरी आणि छान असतात, पण आत पातळ अस्तराखेरीज काही नसतं. दोन बोटांत दाबून पाहा. पट्टे आवळल्यावर खालून दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत. मग घरातच खरी परीक्षा: हँडल धरून शेरूला जमिनीपासून चार बोटं उचला. तो आडवा राहिला आणि जॅकेट जागचं हललं नाही तर बरोबर. जॅकेट डोक्याकडे सरकलं किंवा पार्श्वभाग लोंबला तर ते पाण्यात निघून येणार. रंग केशरी किंवा पिवळाच घ्या. खाडीच्या गढूळ पाण्यात निळं जॅकेट पन्नास फुटांवरूनही पटकन सापडत नाही. माणसाचं जॅकेट कुत्र्याला बांधणं हा उपाय नाही. ते त्याच्या अंगाला नीट बसत नाही आणि पाण्यात निसटतं.

आणलं आणि थेट बोटीत घातलं असं करू नका. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं घरात घालून फिरवा, जेवण त्यातच द्या. मग रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात पोहवा. काखेत कुठे घासतंय का, तेही तेव्हाच कळेल.

वर घ्यायची रीत मात्र तुम्हा दोघांना कोरड्यात शिकावी लागेल. शेरू पाण्यात पडला की पहिलं काम इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. न्यूट्रलमध्ये धक्का लागून गिअर पडला की पंखा फिरतो, आणि कुत्रा नेमका बोटीच्या मागेच येतो, कारण मागची बाजू सगळ्यांत बुटकी. इंजिन चालवणाऱ्याने सेफ्टी कॉर्ड मनगटाला अडकवायची सवय लावून घ्यावी. कुत्रा अंगावर येऊन हात सुटला तरी इंजिन आपोआप बंद पडेल. तो लांब गेला असेल तर एकाने नजर न हटवता त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं आणि दुसऱ्याने बोट वळवायची. वारा किंवा ओढ समोरून घेऊन हळू जवळ जा, म्हणजे बोट त्याच्यावर चढत नाही. शेवटचे दहा-पंधरा फूट वल्ह्याने.

मग एकटा मेव्हणा बोटीच्या मध्यावर, काठाशी गुडघे टेकून बसेल. तुम्ही समोरच्या काठाला पाठ लावून तळाशी बसा. मन धावायला सांगेल, तरी हलू नका. तुमचं वजन हेच बोटीचं पारडं आहे. मेव्हण्याने एका हाताने हँडल, दुसऱ्याने जॅकेटचा मागचा पट्टा धरायचा. शेरूला आधी जरासा खाली दाबायचा. जॅकेट त्याला उसळी देतं, त्या उसळीबरोबर ओढायचं आणि पुढचे पाय काठावर टेकवायचे. क्षणभर थांबून मग मागचा भाग. एका दमात अख्खा कुत्रा उचलायला गेलात की कंबर तुमची जाते.

हे जमत नसेल तर जाड ताडपत्री किंवा जुनी सतरंजी घ्या, साधारण चार बाय सहा फुटांची. एक कड बोटीच्या आतल्या कड्यांना दोरीने पक्की बांधा, बाकीची पाण्यात सोडा. कुत्र्याला त्या झोळीत घ्या आणि बाहेरची कड वर ओढत न्या. तो लोळत काठावरून आत येतो. ताकद जवळपास निम्मीच लागते. मासेमारीचं जाळं यासाठी वापरू नका, त्यात नखं आणि पाय अडकतात. आणि उथळ वाळूचा काठ जवळ असेल तर वर घ्यायचा हट्टच सोडा. टोकाला आकडा असलेल्या काठीने हँडल धरून, वल्हवत त्याला काठाला न्या.

शेरूने उडी का मारली, तर इंजिन मंद होणं म्हणजे पोचलो, असं त्याने स्वतःच ठरवलं. गाडीचा वेग कमी झाला की दाराशी उभे राहणारे कुत्रे हेच करतात. म्हणून इंजिन मंद झालं की बसायचं आणि बसलं की खाऊ, हे शिकवा. सुरुवात ओहोटीला वाळूवर टेकलेल्या बोटीत करा. तळाशी काथ्याची चटई किंवा रबराची मॅट अंथरा. ओल्या फायबरवर पाय घसरला की कुत्रा घाबरून काठाकडे पळतो. “चल वर” म्हटल्याशिवाय चढायचं नाही, “उतर” म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. एवढं पक्कं होईपर्यंत बोट पाण्यात ढकलू नका. नंतर बांधलेल्या बोटीत इंजिन नुसतं चालू ठेवून बसा. मग दहा मिनिटांची फेरी. पहिल्याच दिवशी तीन तास गळ टाकून बसायचं असेल तर शेरूला घरी ठेवा. चढवतानाही धक्का आणि बोट यांच्यातली फट जपा. लाटेने बोट मागेपुढे होते आणि त्या फटीत पाय सापडून मोडतो. फळी टाका, तिच्यावर जुना काथ्या खिळवा, नाहीतर सरळ हँडल धरून चढवा.

ओकारीचं कारण बहुधा नांगर टाकलेली बोट. चालती बोट लाट कापत जाते. थांबलेली आडवी होते आणि डोलत राहते. त्यात पेट्रोलचा आणि आमिषाचा वास. ओकायच्या आधी कुत्रा सांगतो: जांभया देतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो, अंग आखडून बसतो. एवढं दिसलं की गळ गुंडाळा आणि बोट चालती करा. निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. त्याची जागा बोटीच्या मध्यावर, खाली. टोकावर हेलकावा जास्त आणि मागे इंजिनाचा धूर. तरीही ओकत असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना मॅरोपिटंटबद्दल विचारा. प्रवासातल्या मळमळीसाठी ते निघण्याच्या किमान दोन तास आधी, अगदी थोड्या खाण्याबरोबर देतात. साध्या उलटीसाठीचा त्याचा डोस वेगळा आहे, त्यामुळे घरात उरलेली गोळी अंदाजाने देऊ नका. माणसांची गोळी अर्धी मोडून देणं तर नकोच.

वेळ ठरवताना पंचांग काढा. मेव्हण्यांना हे माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तुम्हाला सोयीची दशमी किंवा एकादशी. भरती साडेसात ते सव्वाआठच्या सुमाराला आणि दिवस भांगाचे, म्हणजे पाण्याला ओढ कमी. साडेसहाला चढत्या पाण्यात निघा, साडेनवाला परत या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात कुंडलिका नदीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी जे बाहेर धावतं, त्यात चांगला पोहणारा कुत्राही जागच्या जागी पाय मारत राहतो आणि समुद्राकडे जात राहतो. अशा दिवशी त्याला नेऊ नका. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

परत यायची वेळ साडेनऊ म्हटली ती उन्हासाठीही. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांनाच येतो. बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि कोकणच्या दमट हवेत धापा टाकून फारसं भागत नाही. वरून अंगात जाड फोमचं जॅकेट. बोटीला छत नसेल तर दोन बांबू आणि एक पांढरी चादर बांधा. तळ तापलाय का, हे तळहाताच्या मागच्या बाजूने पाहा. सात सेकंद हात ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. ओलं गोणपाट टाका. पिण्याचं पाणी फक्त शेरूसाठी दोन लिटर वेगळं न्या. त्याची रोजची गरजच किलोमागे ५०–६० मिली धरली तर पावणेदोन लिटरच्या आसपास जाते. दर अर्ध्या तासाला वाटीभर द्या. एकदम भांडंभर दिलंत की ते चटईवर येणार.

जीभ पसरट होऊन बाहेर लोंबतेय, लाळ घट्ट झालीय, हिरड्या लालभडक, चाल लटपटती, ही उष्माघाताची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की धोका. जॅकेट काढा, पोटावर, जांघांत आणि पंजांवर पाणी ओता आणि वारा लागू द्या. ओतायला खाडीचं पाणी चालेल. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो काही मिनिटांत तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. तापमान १०३ पर्यंत उतरलं की ओतणं थांबवा. बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवाच. आतल्या अवयवांची इजा दुसऱ्या दिवशीही दिसू शकते.

खारं पाणी कुत्रे मुद्दाम पीत नाहीत, तरी बऱ्यापैकी पोटात जातं. सर्वांत जास्त जातं ते चेंडू आणताना, कारण चेंडूमुळे तोंड उघडं राहतं. सपाट तरंगती चकती टाका. दहा मिनिटं पोहणं, मग गोडं पाणी आणि विश्रांती. जुलाब-ओकारी ही पहिली पायरी; मलूलपणा, झोकांड्या आणि झटके यायला लागले तर रक्तात मीठ चढलंय, तिथे घरगुती उपाय चालत नाहीत. पाण्यात गुदमरून वर आलेला कुत्रा ठीक दिसला, तरी पुढचे २४ तास त्याच्या श्वासावर लक्ष ठेवा. खोकला किंवा भरभर श्वास सुरू झाला तर फुप्फुसात पाणी गेलं असं समजून लगेच न्या.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती गळांची. आमिषाला लावलेली कोळंबी लॅब्रॅडॉरपुढे ठेवायची आणि त्याने खाऊ नये म्हणायचं, याला काही अर्थ नाही. आमिषाचा डबा झाकणाचा घ्या, रिकामे गळ लाकडात टोचून ठेवा, आणि गळ फेकताना शेरू पाठीमागे नको. गळ गिळलाच तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ओढू नका. ओढलंत की काटा अन्ननलिकेत रुततो. तोंडाबाहेर हातभर तंगूस राहील असा कापा, तो गळपट्ट्याला सैल बांधा म्हणजे तोही गिळला जाणार नाही, आणि थेट डॉक्टर गाठा. ओकवायचा प्रयत्न करू नका. गळाला केंड (फुगणारा विषारी मासा) लागला तर लगेच पाण्यात सोडा. किनाऱ्यावर मेलेला केंड दिसला तर शेरूला ओढून दूर न्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. खडकांवरची कालवं पंजे ब्लेडसारखी कापतात, म्हणून उतरवायचं ते वाळूवरच. बोटीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी त्याला चाटू देऊ नका. निघण्याआधी ते उपसा.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ, बोटांच्या बेचक्या आणि जॅकेटखालचा भाग नीट पुसून. लॅबचे कान लोंबते, आत ओल राहिली की दोन-तीन दिवसांत खाजवायला आणि वास मारायला सुरुवात. कान उलटून कोरड्या कापसाने बाहेरचा भाग टिपा, काडी आत घालू नका. जॅकेटही धुवा, खारटाने बकलं कडक होऊन तुटतात.

रो-रोचं काम त्यामानाने सोपं. २०२० पासून सुरू असलेली ही बोट तासाभरात मांडव्याला पोचते, हेलकावाही छोट्या बोटीच्या मानाने कमी. कुत्र्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. तिकीट काढतानाच त्याला कुठे बसवायचं आणि मुसकं लागेल का हे विचारून घ्या. मुसकं पिंजऱ्यासारखं, उघड्या जाळीचं घ्या. तोंड आवळणाऱ्या कापडी मुसक्यात त्याला धापा टाकता येत नाहीत. रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड जवळ ठेवा. लेप्टोचीही लस वेळेवर झालीय का ते त्याच कार्डात पाहा. धक्क्यावर अर्धा तास आधी पोचा आणि गेटबाहेर त्याला मोकळं करून आणा. तरी पिशवीत जुनी वर्तमानपत्रं, दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली असू द्या.

त्याला गाडीत ठेवून तुम्ही वर चहाला जाऊ नका. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढू शकतं. काचा दोन बोटं उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय भोंगा वाजला की बिथरतो तो वेगळाच. सोबत बसा, पट्टा आखूड धरा, आणि ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांच्यापासून चार हात लांब बसा. “काही करत नाही तो” हे वाक्य समोरच्याच्या उपयोगाचं नसतं.

पगला छोट्या बोटीत नेऊ नका. चपट्या नाकामुळे धापा टाकून अंग थंड करणं त्याला धड जमत नाही, पाण्यात डोकं वर ठेवायला मान पुरत नाही, आणि जॅकेट घातलं की उकाडा आणखी वाढतो. मुलांना पगसोबत बोटीत बसायचंच असेल, तर रो-रोने सकाळच्या पहिल्या फेरीला, सावलीत, पाण्याची वाटी समोर ठेवून. घोरल्यासारखा आवाज नेहमीपेक्षा वाढला तर त्याला वाऱ्याच्या झोतात न्या, पोट आणि पंजे ओले करा आणि उतरल्यावर आधी डॉक्टरांकडे, मग सासूबाईंकडे.